पडद्यामागचं पाणी

लेक सव्वादोन वर्षांची झाली तेव्हा तिच्याकडे चारच शब्द होते. त्यातला 'मम' म्हणजे खाऊही आणि मीही. शेजारच्या फ्लॅटमधली तिच्याच वयाची मुलगी लिफ्टमध्ये मोठ्याने मजले मोजायची. मी हसून बघायची आणि घरी आल्यावर घासलेली भांडी पुन्हा घासत बसायची.

"बोलेल गं," नवरा म्हणायचा. सासूबाई म्हणायच्या, "हा पण तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता."

मी ऑफिसात असताना लेक गिरीज गावात त्यांच्याकडे, वाडीत असायची. संध्याकाळी तिला घ्यायला गेले की चपला काढायच्या आत मी विचारायची, "आज काही बोलली?" पुढेपुढे त्या माझ्याकडे न बघताच मान हलवायला लागल्या.

एका रविवारी लेक केळींमध्ये माती उकरत बसली होती. तिच्या पाठीमागे, चार पावलांवर, सासऱ्यांनी पाण्याची मोटर सुरू केली. मी दचकले. कावळे उडाले. लेकीने मान वर केली नाही.

सासूबाईंचा भाजी निवडणारा हात थांबला होता.

"महिना झाला, मला वाटतंय," त्या म्हणाल्या. "मागून हाक मारली की बघत नाही. समोर गेलं की हसते. तुला सांगायचा धीर झाला नाही."

मला भयंकर राग आला. मग कळलं, मलाही वाटतच होतं की.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. सासूबाईही आल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन वर्षं उलटली आणि दोन शब्द जोडत नसेल, तर वाट बघायची नाही. हाकेला वळत नसेल, तर कुठल्याच वयात नाही. आधी कान तपासू."

सारख्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. तिला सगळं अंधूक, पाण्याखालून यावं तसं ऐकू येत होतं. घरी येऊन मी कानात बोटं घालून बसले. नवरा काहीतरी विचारत होता, त्याचे ओठ तेवढे हलत होते.

औषधांनी भागलं नाही, छोटं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी मी मिक्सर लावला आणि ती किंचाळून रडली. मिक्सर बंद करून मीही रडले.

मग स्पीच थेरपी. ती अजून चालू आहे. आता लेक भांडण्यापुरतं बोलते, 'र' मात्र येत नाही.

सासूबाई हल्ली वाडीत आलेल्या प्रत्येक तान्ह्याच्या मागे उभ्या राहून टाळी वाजवतात. परवा एका आईने वैतागून विचारलं, "काकी, हे काय चाललंय?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "वळतो का बघते."