ढवळी गेली तेव्हा

पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार, यावरून गाव हमरीतुमरीवर आलं होतं. हा मान जानराव पाटलांचा. पण १९६६ साली त्यांचा एक बैल ऐन श्रावणात गेला आणि पाटलांनी मान सोडला. मागणारे दोघं उरले, शालिग्राम आणि निवृत्ती.

‘‘भांडू नका बे,’’ पाटील म्हणाले. ‘‘वाघबकरीचा एक डाव खेळा. जिंकन त्याची जोडी समोर.’’

पाटलांनी नाणं उडवलं. वाघ शालिग्रामला मिळाले, बकऱ्या निवृत्तीला. लोक हसलेच. मेहकरच्या बाजारात वांगी विकणारा निवृत्ती या खेळातला हमखास हरणारा. घरच्या शेळ्यांची नावं तो सोंगट्यांना ठेवी. एक वाघाच्या तोंडी आली की बाकीचं सोडून तिला वाचवायला धावे, आणि कोंडत आलेला वाघ दुसरीकडून सुटे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या दुपारी देवळाच्या ओट्यावर कोरलेल्या पटाभोवती माणसं दाटली. विटेचे चार तुकडे म्हणजे वाघ, वीस चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघानं बकरीवरून रिकाम्या घरात उडी मारली की बकरी खाल्ली. बकऱ्यांनी वाघांना हलायला जागा ठेवायची नाही. पाच गेल्या की हार.

तीन गेल्या होत्या. वाघही तीन कोंडले होते. चौथा मोकळा होता. त्याच्यापुढं एक चिंचोका आणि चिंचोक्यामागं कोपऱ्याचं घर रिकामं.

‘‘तुयी ढवळी चालली बे!’’ शालिग्रामनं मांडीवर थाप मारली.

‘‘कोपरा भर, निवृत्ती! वाचव तिले!’’ लोक ओरडले.

त्याचा हात कोपऱ्याकडे गेला आणि थबकला. शेजारची बकरी तिथं सरकवली तर कडेची वाट उघडी पडत होती. नाही सरकवली तर वाघ आपल्या पायानं कोपऱ्यात येणार होता. त्यानं हात मागं घेतला आणि भलताच चिंचोका हलवला, वाघाच्या पाठीमागं.

‘‘काऊन रे? येडा झाला का?’’ गर्दीतून कोणी ओरडलं.

‘‘जाऊ द्या ढवळीले,’’ निवृत्ती म्हणाला.

शालिग्रामनं उडी मारली. चौथी गेली. आता एकही चूक परवडणार नव्हती. वाघानं सोडलेलं घर निवृत्तीनं लगेच भरलं. वाघ एक घर बाहेर आला, तशी निवृत्तीनं उरलेली फट बुजवली. पुढं सगळीकडे चिंचोके, त्यांच्या मागंही चिंचोके. तो परत कोपऱ्यात गेला. निवृत्तीनं तोंडाशी शेवटचा चिंचोका ठेवला.

शालिग्रामनं पट या बाजूनं पाहिला, त्या बाजूनं पाहिला. हलायला घर नव्हतं.

‘‘कोंडला!’’ पाटीलच आधी ओरडले. ओट्यावर एकच गिल्ला झाला.

निवृत्ती चपला तिथंच टाकून, बायकोला हाका मारत घराकडे पळत सुटला. ‘‘अवो, हिंगूळ काढ! शिंगं रंगवा लागते! आपली जोडी समोर हाये!’’

दुसऱ्या दिवशी वाजंत्री वाजली. तोरणाखाली निवृत्तीनं कासरा धरला. मागून शालिग्रामचा आवाज आला, ‘‘हाक बे आता, का इथंच मुक्काम करतं?’’

निवृत्तीनं जोडी हाकली.