गारपिटीच्या सालची वाइन

टेकडीवरच्या बाईंवर लिहावं इतकी माझी त्यांची ओळख नव्हती. मी वाइनची लाकडी पिंपं दुरुस्त करणारा. वर्षातून काही दिवस त्यांच्या तळघरात काम करायचो. त्या मला मिस्त्री म्हणत, मी त्यांना बाई. बस्स.

त्यांच्या द्राक्षमळ्याला वाइनसाठी सासऱ्यांच्या काळापासून पहिली श्रेणी होती. एकदा मिळालेली श्रेणी जन्माची, असा नियम. तो बदलायचा म्हणून सगळे मळेवाले त्यांच्याच तळघरात जमले. मी कोपऱ्यात पिंपाची पट्टी ठोकत होतो, ते थांबवून बसलो. दर दहा वर्षांनी वाइन नव्याने तपासावी, हे ठरलं. पण कोणत्या सालची द्यायची, ते ज्याने त्याने ठरवावं, असं मोठे मळेवाले म्हणाले.

बाई म्हणाल्या, "आपापलं गोंडस पोर तेवढं पुढे करायचं, ही कसली परीक्षा? चांगल्या साली कुणाचीही वाइन चांगलीच होते. गारपिटीच्या सालची तपासा."

मुलगा त्यांच्या कानाशी वाकला. "आई, आपली त्या सालची पाण्यासारखी झालीय. कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"ठाऊक आहे. मीच केली ना ती."

छोटे मळेवाले झाडून त्यांच्या बाजूने उभे राहिले. नियम झाला. निकालात बाईंचा मळा दुसऱ्या श्रेणीत गेला आणि ओढ्याकाठच्या दोघा भावांचा तिसरीतून पहिलीत आला. बाईंनी त्या भावांची बाटली मागवली. घोट तोंडात बराच वेळ घोळवला.

"गारांनी फुटलेल्या द्राक्षांतून हे काढलं," त्या मुलाला म्हणाल्या. "मला नाही जमलं बघ."

आवाजात खंत नव्हती, कौतुक होतं. इतकं हरून कुणाला इतकं खूश झालेलं मी तरी पाहिलं नाही. हे नीट सांगता येत नाहीये, पण माझ्या अंगावर काटा आला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पिंपांवरची 'पहिली श्रेणी' ही डागलेली अक्षरं रंध्याने काढायला सांगितली.

मी म्हटलं, "राहू द्या की बाई. पिंपं जुनी आहेत."

"आतली वाइन यंदाची आहे ना?"

मी रंधा चालवला. संध्याकाळी त्या दिवा घेऊन खाली आल्या, फळ्यांवरून हात फिरवला.

"ढलप्या टाकू नका हं मिस्त्री. चुलीला होतील."

"पोत्यात भरून ठेवतो."

"जिन्यापाशी ठेवा."

पुढच्या हंगामात मी गेलो, तेव्हा बाई हयात नव्हत्या.