वस्तुस्थितीवाले काका

"हे माझं मत नाही, वस्तुस्थिती आहे," असं म्हणताना काका चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि तो परत नाकावर चढेपर्यंत समोरच्याला बोलू द्यायचे नाहीत. चष्मा चढला की विषय संपलेला असायचा.

तुमच्याही ओळखीत असे एखादे काका असणारच. आमचे इथे कांगारूंच्या देशात, गिरावीन नावाच्या उपनगरात, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचे. जवळच्याच पॅरामॅटाला एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. कोविडमध्ये घरून काम सुरू झालं तरी ते गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवूनच बसायचे, आणि शनिवारी ते तसंच लटकवून लॉनही कापायचे. ते नेमकं कोणाला दाखवायचे, देव जाणे.

आईबाबा पुण्याहून इथे आले तेव्हा मी चार वर्षांची होते. पहिले तीन महिने आम्ही काकांच्या घरामागच्या खोलीत काढले. ते उपकार बाबांच्या मानेवरून कधी उतरलेच नाहीत. गाडी घेताना, घर घेताना, माझी शाळा निवडताना बाबा आधी काकांकडे जाऊन यायचे. आई म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंत की त्यांच्याशी?"

इथे अकरावी-बारावी शाळेतच असते आणि ज्यांना हवं त्यांना आठवड्यातला एक दिवस ट्रेड कॉलेजात जाऊन एखादं कामही शिकता येतं. मी दहावीत होते. मला अकरावीला इलेक्ट्रिकल घ्यायचं होतं. घरातला टोस्टर मी तीनदा उघडून दोनदा नीट जोडला होता, एवढंच माझं भांडवल. फॉर्मवर बाबांची सही लागत होती आणि बाबा "बघू" म्हणत होते. आमच्या घरात 'बघू' म्हणजे काकांना विचारू.

त्या वर्षी मंडळाचा गणपती झूमवर बसला. होस्ट अर्थातच काका. आरतीआधी त्यांनी चार वेळा बजावलं, "सगळ्यांनी म्यूट करा." सगळ्यांनी केलं. राहिले ते स्वतः. आरती संपली, मुलांच्या कौतुकाचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता, तेवढ्यात त्यांचा आवाज घुमला. ते बायकोशी बोलत होते.

"त्याच्या मुलीला वायरमन व्हायचंय म्हणे. त्यासाठी विमानाची तिकिटं काढायची काय गरज होती? आपल्या चाळीतला वायरमन तर चालत यायचा."

पन्नासेक घरांनी ते ऐकलं. मी बाबांकडे पाहिलं, तर बाबा हसत होते. स्क्रीनवर आपण दिसतोय म्हणून हसावं तसं, ओठांनी. काकांचं मी एक वेळ सोडून दिलं असतं, पण ते हसू माझ्या डोक्यात गेलं. बाबांना ते हसायला लावल्याबद्दल मी काकांवर डूख धरला. मी चांगली मुलगी वगैरे नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

आई माझ्या बाजूने उभी राहिली म्हणून सही मिळाली, तीही अर्धीच. "दोन टर्म जा. मग ठरवू," बाबा म्हणाले. काका त्यांना म्हणाले होते, "जाऊ दे रे, दोन टर्ममध्ये हात भाजेल आणि येईल परत."

जानेवारीत इथलं शाळेचं नवं वर्ष सुरू झालं आणि दर बुधवारी मी ब्लॅकटाउनवरून बस बदलून ट्रेड कॉलेजात जायला लागले. तीस मुलांत आम्ही दोघी मुली. शिकवायला एक पोट सुटलेले, निवृत्त इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी पहिल्या दिवशी वायरला हातही लावू दिला नाही. फक्त लाल टॅगचा एकेक गठ्ठा दिला. बिघडलेली वस्तू दिसली की तिला टॅग बांधायचा, वर आपलं नाव लिहायचं. आणि ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा. बॉस असो नाहीतर पंतप्रधान, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "नॉट युअर टॅग, नॉट युअर हँड्स, मेट," ते दर बुधवारी म्हणायचे.

बुधवारी संध्याकाळी मी परत येताना काका हटकून फाटकाशी असायचे. "काय मग, दिवा लागला का?" हा त्यांचा विनोद. मी "नो वरीज, काका" म्हणून पुढे जायचे आणि रात्री पलंगावर पडल्या पडल्या त्यांना द्यायची उत्तरं तयार करायचे. एक दिवस त्यांच्या घरातली वीज जाईल, मी दारात उभी राहीन, आणि मग बघू कोणाचा दिवा लागतो. अगदी संवादांसकट पाठ होतं मला.

आणि खरंच गेली.

मे महिना होता. दुसरी टर्म निम्मी झाली होती आणि काकांनी बाबांना पुन्हा गाठलं होतं: बारावीला हे काढून टाक, फिजिक्स घे. बाबा कबूल झाल्यात जमा होते. बुधवारी चारच्या सुमारास मी बसमधून उतरून येत होते, तर काकू रस्त्यापर्यंत धावत आल्या.

"अगं, लाइट गेली आमची! निम्मीच गेली. इंटरनेट बंद पडलंय आणि ह्यांचा महत्त्वाचा कॉल आहे. येतेस का जरा?"

मी गेले. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू?

दिवे लागत होते, प्लग सगळे मेले होते. म्हणजे सेफ्टी स्विच, करंट गळला की वीज आपोआप तोडणारा खटका, पडला होता. ओट्यावर विजेची किटली होती, तिच्या बुडाशी पाणी साचलेलं. काकू म्हणाल्या, "चहा ठेवायला हिचं बटण दाबलं, आणि फट्!" मला एका क्षणात कळलं. किटलीचा प्लग काढायचा, बाहेर भिंतीवरच्या पेटीतला स्विच वर करायचा, झालं. एका मिनिटाचं काम.

काका कॉम्प्युटरसमोर उभे होते. हातात मोबाइल, त्यावर एक गोठलेलं चित्र. त्यांच्या घरात मोबाइलची रेंज कायम रडायची. त्या दिवशी गळ्यात ओळखपत्र नव्हतं, पण ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

"लवकर होईल का गं?" त्यांनी विचारलं.

"घरातला प्रत्येक प्लग काढावा लागेल, काका. एकेक करून. मग एकेक परत लावायचा. प्रोसिजर आहे."

"प्रत्येक?"

मी मान डोलावली. मग म्हणाले, "माझं मत नाही, काका. वस्तुस्थिती आहे."

हे वाक्य मी आठ महिने जपून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. ते मुकाट्याने कामाला लागले. टीव्ही, प्रिंटर, मायक्रोवेव्ह. टेबलाखाली गुडघ्यांवर बसून त्यांनी वायरी उपसल्या. मी फ्रिजसुद्धा ओढायला लावला. मागच्या ज्या खोलीत आम्ही राहिलो होतो तिथला हीटरही काढायला पाठवलं. साठीचा माणूस धापा टाकत होता आणि मी हाताची घडी घालून "नेक्स्ट" म्हणत होते. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

किटली मी शेवटी ठेवली. दहा-बारा मिनिटं झाली असतील. तिचा प्लग काढला, तिला लाल टॅग बांधला, ठसठशीत अक्षरांत माझं नाव लिहिलं. बाहेर जाऊन स्विच वर केला. मॉडेमचे दिवे लागले, कॉल जोडला गेला, आणि कॉम्प्युटरमधून एका मुलाचा आवाज आला.

"काका? झालं हो. आत नेलं आजीला. तुम्ही दिसेनात, मी थांबवायचा प्रयत्न केला, पण इथे मागे खूप रांग आहे... सॉरी, काका."

काकांची आई त्या दिवशी सकाळी पुण्यात गेली होती. तिकडे कोविडने थैमान घातलं होतं, इथल्या सीमा बंद होत्या, कुणी जाऊच शकत नव्हतं. पुतण्या स्मशानात फोन धरून उभा होता. त्यांना शेवटचं दर्शन तेवढंच मिळणार होतं, आणि ते मी प्रोसिजरमध्ये घालवलं.

काका खुर्चीत बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "थँक्यू, बाळा. तू आलीस म्हणून निदान एवढ्या लवकर तरी झालं."

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. सुतकाचं भान न राहून काकूंनी सवयीने माझ्या हातात खजुराची वडी ठेवली आणि मी ती मुठीत धरून घरी आले.

त्याच आठवड्यात ते बाबांकडे आले. "फिजिक्सचं राहू दे. पोरीच्या हातात काम आहे. डोकं शांत ठेवून, एक पायरी न चुकवता करते. हे माझं मत नाही..." बाबांनी पुढचं वाक्य मनापासून हसत पुरं केलं आणि बारावीच्या फॉर्मवर सही केली. पुढच्या गणपतीला पुन्हा लॉकडाउन होता, पुन्हा झूम. कौतुकाच्या यादीत काकांनी डॉक्टर होणाऱ्या, इंजिनियर होणाऱ्या मुलांच्याही आधी माझं नाव वाचलं. त्या वेळी ते म्यूटवर नव्हते, मुद्दामच. पन्नास घरांनी टाळ्या वाजवल्या. मी कॅमेरा बंद केला होता.

मला जे जे हवं होतं ते सगळं त्यांनी दिलं. आणि माझा सूड असा पुरा झाला, की आता तो परतही घेता येत नव्हता. दर बुधवारी काका फाटकाशी उभे असायचे, आता विनोद न करता. "जेवलीस का?" एवढंच विचारायचे. दर बुधवारी मी ठरवायचे, आज सांगू. दर बुधवारी "हो, काका" म्हणून पुढे जायचे.

मी बारावी झाले, शिकाऊ इलेक्ट्रिशियन म्हणून लागले. मग काकांनी घर विकलं आणि दोघं मुलीकडे ॲडलेडला गेले. ते गेले त्या दिवशी मी कामावर होते. कुणाच्या तरी नव्या घराचं वायरिंग चालू होतं, निघता आलं असतं, निघाले नाही.

संध्याकाळी आले तर त्यांच्या दारापुढच्या गवतावर नको असलेल्या सामानाचा ढीग होता, कौन्सिलच्या गाडीने उचलून न्यायचा. जुनी गादी, प्रिंटर, लॉन कापायचं मशीन. त्यावर ती किटली. आत पाण्यातल्या क्षारांचे डाग वाळले होते, वायर नीट गुंडाळून रबर लावलेलं होतं. किरकोळ किमतीची वस्तू इतकी वर्षं कशाला ठेवली, कळेना. मग हँडल दिसलं.

टॅग तसाच होता. नियम मी त्या दिवशी काकूंना सांगितला होता, टॅग बांधता बांधता, तोऱ्यात: मी बांधलाय, दुसऱ्या कुणी सोडायचा नाही. त्यांनी सोडला नव्हता.

किटली मी घरी आणली. गॅरेजमध्ये फळीवर आहे. टॅग सोडायचा हक्क फक्त माझा आहे, आणि माझा हात अजून धजलेला नाही.