तीन सिलिंडर हवा आणि कौसाआत्याची विहीर

जानेवारीत कौसाआत्याचा फोन आला, तोही कॉइन बॉक्सवरून, म्हणजे बोलता बोलता रुपये टाकत. "पोरी, आमची विहीर बुजवून राहिले. सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत ठरणार हाय. तू पाण्यात जाऊन फोटू काढतीस ना? मंग ये की हिकडं!"

मी पुण्यात पोहायला शिकवते आणि सुट्टी मिळाली की अंदमानला जाऊन समुद्राखाली माशांचे फोटो काढते. तेच फोटो या ब्लॉगवर टाकते आणि तुम्ही वा वा करता. पण डायव्हिंगचं सामान घेऊन हिंगोली जिल्ह्यात? जिथून कुठल्याही दिशेला गेलं तरी समुद्र लांबच? मला हसू आलं. मग आत्या म्हणाली, "ते म्हंतात झरा मेला. मेला न्हाई गं. म्या डोळ्यानं पाह्यलाय त्याला." माझं हसू पळालं.

आत्याचं सासर पुसेगावजवळच्या एका खेड्यात. गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना पाणी भरू देत नसत, तेव्हा बौद्धवाड्यातल्या बायामाणसांनी मिळून स्वतःची विहीर खणली. आत्या त्या वर्षी नवी नवरी होती. बांगड्या वर सारून तिनं मुरमाच्या पाट्या वाहिल्या. आता घरोघरी नळ आलेत (त्यांना पाणी कधी येतं ते विचारू नका), विहीर नुसती पडून आहे. पंचायतीचं म्हणणं, आत पावसाचं साचलेलं पाणी आहे, बुजवू आणि दुकानांचे गाळे काढू. खरंखोटं करायला इंजिन लावून उपसायला गेले, तर पाणी उतरताच आतल्या बांधकामाचे दगड ढासळले. इंजिन बंद! थोडक्यात, झरा जिवंत आहे हे दाखवायचं तर पाणी न उपसता दाखवायचं. आता कळलं ना मी काहून गेले ते?

माझा डायव्हिंगचा जोडीदार फिरोज मुंबईचा. तो तिथून तीन सिलिंडर भरून पुण्यात आला. हिंगोलीत सिलिंडर भरायची सोय नाही, तेव्हा जाणाऱ्यांनो, हवा घरूनच न्या! आम्ही ऐटीत शिवाजीनगर स्टँडवर गेलो. कंडक्टरनं सिलिंडरकडं बघितलं आणि दारात हात आडवा केला.

"बाई, गॅसची टाकी चालत नाही."

"अहो, गॅस नाही, हवा आहे."

"हवा? हिंगोलीला हवा नाही का?"

अख्खी बस हसली. मी भडकले, पण नियम त्याच्या बाजूनं होता. शेवटी फिरोज मुंबईहून ज्या जुन्या व्हॅननं आला होता तीच काढली, ती हिंगोली गाठेल याची खात्री नव्हती तरी. सिलिंडर गोधड्यांत गुंडाळून आडवे टाकले, बुडी मारताना कमरेला बांधायची शिशाची वजनं सीटखाली, आणि कॅमेरा माझ्या मांडीवर. पाण्याखालच्या कॅमेऱ्याला प्लास्टिकची पेटी असते आणि तिच्या झाकणाला एक बारीक रबरी कडं. त्या कड्यावर धुळीचा एक कण बसला तरी पाणी आत शिरतं आणि कॅमेरा गेला. त्यात आमच्याकडचे रस्ते! काचा बंद ठेवल्या तर उकडतं, उघडल्या तर धूळ. मी पेटी आईच्या जुन्या नऊवारीत बांधून घेतली होती. लेकरू घेऊन बसल्यासारखी दिसत होते, असं फिरोज म्हणाला.

नगर, गेवराई, माजलगाव, परभणी. माजलगावपर्यंत रस्ता बरा, पुढं देवाचं नाव घ्यावं असा. मी घेत नाही, म्हणून खड्ड्यांना शिव्या देत बसले. परभणीच्या पुढं जवळा बाजारला चहाला थांबलो. बाजाराचा दिवस होता, कापसाच्या गाड्यांमधून वाट काढायला बराच वेळ गेला. भजी झकास आणि पुण्याच्या निम्म्या भावात. हॉटेलवाल्यानं व्हॅनमध्ये डोकावून विचारलं, "बोरवेलवाले का तुमी?" फिरोजनं मान डोलवली. खरं सांगत बसलो असतो तर चहा गार झाला असता. औंढा, हिंगोली करत दिवे लागायला आत्याच्या दारात पोचलो. ज्वारीची भाकरी, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, मिरचीचा ठेचा. फिरोजच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो म्हणत होता, "आत्या, और एक."

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीत उतरलो. पाणी तीन परस, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील इतकं. काठावर हा गोतावळा! माझे काळे रबरी कपडे बघून एक म्हातारी म्हणाली, "माय गं, म्हशीवानी दिसून राहिली." उडी मारली. वरून उन्हाचा एक पट्टा हिरव्या पाण्यात तिरपा उतरला होता, चिरेबंदी दगडांवर शेवाळ डुलत होतं, एक कासव माझ्याकडं बघून निवांत वळलं. अंदमान झक मारतंय! मी वेड्यासारखी फोटो काढत सुटले. मग आम्ही तळाशी गेलो आणि सगळं मुसळ केरात. दोघांच्या पायातल्या लांब पंखांनी वर्षानुवर्षांचा गाळ ढवळला. हाताला हात दिसेना. फ्लॅश मारला की गाळाचा कण अन् कण चमकायचा. हवा संपत येईपर्यंत भिंती चाचपल्या आणि हात हलवत वर आलो. माझा सिलिंडर रिकामा, फिरोजच्या सिलिंडरात पाव हवा, आणि तिसरा तेवढा भरलेला.

"एवढी लंका उचलून आणली अन् गढूळ पाणी दाखवून राहिली," काठावरचा एक जण बोलला. मी त्याला काय सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. फिरोजवरही विनाकारण ओरडले. आत्याकडं मात्र बघवेना. ती पायऱ्यांवर बसून होती, पदर तोंडाला लावून. उद्या सभा, आणि माझ्या हातात चिखलाचे फोटो.

संध्याकाळी चुलीपाशी मी म्हटलं, "पाय हलवला की गाळ उठतो. पाय न हलवता खाली कसं जायचं?"

"खणताना आमी मानसाला सोलानंच सोडायचो," आत्या भाकरी थापता थापता म्हणाली. सोल म्हणजे जाड दोर.

मी आणि फिरोजनं एकमेकांकडं बघितलं. पायातले पंख काढायचे, कमरेला आणि घोट्यांना दोर बांधायचा, आणि मला वरून आडवं सोडायचं, तळाला न टेकवता. एक झटका म्हणजे थांबा, दोन म्हणजे ओढा. फिरोज उरलेल्या पाव सिलिंडरवर काठापाशी तयार राहील, काही झालं तर काढायला. उतरतानाच कॅमेऱ्यात व्हिडिओ सुरू करायचा आणि वर येईपर्यंत बंद करायचा नाही.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन चाललं होतं आणि इकडं सोलाला सारा वाडा लागला होता. लुगडी खोचलेल्या म्हाताऱ्या, दुबईचा शर्ट घातलेला एक जण, कालचा तो बोलभांडही. मी कॅमेरा सुरू केला, वर आत्याचा चेहरा टिपला आणि पाण्यात गेले. इंच इंच सोडत होते मला. रात्रभरात गाळ बसला होता, पाणी काचेसारखं. तळ हातभर उरला तेव्हा झटका दिला. थांबले. सावकाश मान फिरवली.

काळ्या दगडात एक चीर होती. तिच्या तोंडाशी, आधणात तांदूळ नाचावेत तशी, वाळू नाचत होती.

मी हात पुढं केला. पाणी बोटांना कोमट लागलं आणि ढकलत होतं, चांगलं जोरानं. पाण्याखाली रडू नये, मास्क भरतो, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. मी मनसोक्त रडले. मग दोन झटके. वर येताच तोंडातली नळी फेकून इतकी ओरडले, की झेंडावंदनाची पोरं रांग मोडून पळत आली.

सभेत शाळेच्या जनरेटरवर आत्याचा टीव्ही लावला आणि कॅमेऱ्याची पिवळी वायर जोडली. नाचणारी वाळू दिसली तशी मागची माणसं उठून पुढं सरकली. मग सरपंच उठले. मनुष्य वाईट नाही, पण पक्का.

"ताई, हे आपल्याच विहिरीतलं कशाहून? तुमच्या अंदमानातलं नसंल कशाहून?"

मी व्हिडिओ सुरुवातीपासून लावला. पडद्यावर आधी आत्याचा वाकलेला चेहरा आला, मग दोर धरलेली रांग, आणि रांगेत सगळ्यात पुढं, दात काढून हसणारा, सरपंचांचा सख्खा पुतण्या.

सभा हसून लोळली. सरपंचही हसले, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मंग तर आमचंच घर फितूर झालं!" तोवर आत्या उठून टीव्हीपाशी गेली होती. तिनं काचेवर बोट ठेवलं.

"ह्योच. पयल्या दिशी असाच नाचत व्हता. आमी समद्या नाचलो व्हतो त्याच्यासंगं." इतकं बोलून ती खाली बसली आणि रडायला लागली. हात वर झाले. विहीर बुजवायची नाही, गाळ काढून दगड परत बसवायचे, असं ठरलं. वाड्यानं माझी मिरवणूक काढली. फिरोजला सिलिंडरसकट खांद्यावर घेतलं होतं, तो ओरडत होता, "अरे गिर जाऊंगा!"

परतीच्या वाटेवर व्हॅन हलकी होती आणि आम्ही दोघं बेसूर गात आलो. पुण्यात सामान गोड्या पाण्यानं धुतलं. विहिरीचा गाळ समुद्राच्या मिठापेक्षा चिवट निघाला, रेग्युलेटरच्या, म्हणजे श्वास घ्यायच्या नळीच्या, फटींतून आठवडाभर निघत होता. गेल्या काही वर्षांत मी हजारो फोटो काढलेत, प्रवाळाचे, शार्कचे, रंगीत माशांचे. भिंतीवर लावलाय तो मात्र त्या व्हिडिओतून काढलेला, दगडातली एक चीर आणि थोडी वाळू. बघणाऱ्याला वाटतं चुकून निघालेला फोटो आहे. समजावून सांगायला मला मजा येते.

मे महिन्यात आत्याचा फोन आला. मागं हंड्यांचा खणखणाट, कुणीतरी कुणाला तरी रांगेवरून शिव्या देतंय.

"नळ आटले गं. टँकरचा पत्ता न्हाई. समदं गाव आमच्या विहिरीवर हाय. वरच्या आळीतल्या बायाबी."

"आणि तू?"

"म्या पायरीवर बसून पाहून राहिले. कुनालाबी न्हाई म्हनायचं न्हाई, एवढंच सांगितलंय पोरांना."