सगळ्यांच्या मनगटावर एकच घड्याळ

एकोणीसशे एकाहत्तर साली मी वीस वर्षांचा होतो. सुट्टी अर्धी टाकून परत या, अशी तार आली आणि मी न् दत्तू एकाच एसटीनं निघालो. दत्तू माझ्याच गावचा, माझ्याच पलटणीतला. त्याच्या लग्नाला चार महिने झाले होते आणि मनगटावर सासऱ्यानं लग्नात दिलेलं घड्याळ होतं. त्याची बायको गया गल्लीच्या तोंडापर्यंतच आली. नव्या सुनेनं स्टँडवर यायची तेव्हा रीत नव्हती. माझे वडील तेवढे आले. गाडी हलली तेव्हा खिडकीचा गज धरून मला म्हणाले, "त्याच्यावर लक्ष ठेव. त्याला आता संसार आहे. तू काय, सडाच आहेस."

गावाकडं राहिलेल्यांनी वाचावं म्हणून हे लिहितोय, आणि माझ्यासारखे निघून आले त्यांनीही. मी चौथी शिकलोय. ज्यांना शुद्धलेखन बघायचं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं.

सरहद्दीजवळ आमचा तळ होता. तिथं बाजारातला एक फोटोवाला आला. घरी फोटो पाठवायचा म्हणजे हातात घड्याळ पाहिजे, नाहीतर घरचे म्हणणार, पोरगं फौजेत गेलं तरी रिकामंच. आमच्या तुकडीत घड्याळ एकच, दत्तूचं. मग प्रत्येकानं स्टुलावर बसायच्या आधी ते बांधायचं, डावा हात छातीवर आडवा धरायचा, फोटो झाला की पट्टा सोडून पुढच्याला द्यायचं. फोटोवाला वैतागला. म्हणाला, माणसं बदलता तर हात तरी वेगळा धरा. कुणी ऐकलं नाही.

मी शेवटचा होतो. दत्तूला म्हणालो, "दोन दिवस राहू दे रे माझ्याकडं."

"ठेव," तो म्हणाला. "पण काटे वाचायला शिक आधी. बांगडी भरल्यासारखं दिसतंय तुझ्या हातात."

तिसऱ्या दिवशी आमच्या खंदकावर गोळा पडला. दत्तू जागीच गेला. माझ्या मांडीत लोखंड शिरलं. लक्ष ठेव म्हणाले होते वडील. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो, एवढंच लक्ष.

मला पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात आणलं. तिथं वडिलांचं पत्र आलं, मास्तरांच्या अक्षरात. दत्तूची पेटी घरी आली, त्यात घड्याळ नाही. मागोमाग फोटोवाल्यानं धाडलेला फोटो आला, त्यात हातावर दिसतंय. गयाच्या बापानं पारावर चार माणसांत सांगितलं की जावयानं पत्त्यांत घालवलं. तुला काही ठाऊक असेल तर कळव.

घड्याळ माझ्या उशाखाली होतं. चालू होतं. मी रोज चावी देत होतो.

खरं लिहायला काय लागत होतं? एक कार्ड. पण मला वाटलं, मेलेल्याच्या हातातलं काढून घेतलं म्हणतील. गावात एकदा असं नाव पडलं की पिढ्या जातात. मी स्वतःच्या हातानं चार शब्द लिहिले. मला काही ठाऊक नाही.

त्यानंतर मी गावाला गेलो नाही. वडील न्यायला आले, त्यांना म्हणालो, लंगडा होऊन गावात फिरणार नाही. ते खरं धरून परत गेले. पुण्यातच कारखान्याच्या गेटवर वॉचमन झालो, येरवड्याला खोली घेतली, पुढं आईवडिलांना तिथंच आणलं. आता वारज्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. पार्किंग आहे, मेंटेनन्स आहे, व्हॉट्सअॅपवर सोसायटीचा ग्रुप आहे. पाहुण्यांना सांगायचो, गावाकडचा चढ या पायानं चढवत नाही. इथं लिफ्ट बंद असली की चार मजले चढतो, वाटेत थांबत नाही. तेव्हा कौलातून धूर दिसला की कुणाच्या घरी चूल पेटली ते कळायचं. आता समोरच्या दारातलं आडनाव पाटी बघून सांगतो. आणि मला ते सोयीचं गेलं, खोटं कशाला बोलू. इथं मला दत्तूबद्दल विचारणारं कुणी नव्हतं.

घड्याळ मी बरीच वर्षं वापरलं. मग मुलाला कॉलेजच्या परीक्षेला दिलं आणि त्यानं ते हरवलं. मार बसणार म्हणून तो दोन दिवस माझ्यासमोर आला नाही. मी म्हणालो, जाऊ दे. त्याला वाटलं, बाप मोठ्या मनाचा. मला सुटल्यासारखं झालं होतं.

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. प्रत्येकानं लढाईच्या वेळचा फोटो आणायचा, तो भिंतीवर मोठा करून दाखवायचा, मग आठवण सांगायची. आमच्या तुकडीतली पाच-सहा घरं आली. माणसं थोडी, बायका-मुलं जास्त. दुसऱ्याच फोटोला एक बाई म्हणाली, "हे घड्याळ आमच्या ह्यांचं." तिसऱ्याला दुसरी म्हणाली, "अहो, आमच्या ह्यांचं ते." पाचव्या फोटोला सगळे हसायला लागले. तीच तबकडी, तोच पट्टा, तसाच आडवा हात. आमचे सेक्रेटरी म्हणाले, "अख्खी पलटण एका घड्याळावर लढली. इथं घरटी चार आहेत, तरी मीटिंगला वेळेवर कुणी येत नाही."

माझा फोटो लागला. मीही हसलो.

तेव्हा मागून एक बाई उठली. पन्नाशीच्या पुढची, चष्मा लावलेली. हातात जुनी फ्रेम होती. म्हणाली, "घड्याळ माझ्या वडिलांचं होतं. मी जन्मायच्या आधी ते गेले. सगळ्यांच्या हातातून फिरलं होय? मग शेवटी कुणाकडं राहिलं?"

हसणं थांबलं. सेक्रेटरींनी चहा आणायला सांगितला.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. "तुम्ही आमच्या गावचे ना? ज्ञानूकाका? मी मंगल, दत्तूची मुलगी. मांजरीला असते, आई माझ्याकडंच आहे." मग हळू म्हणाली, "आई अजून बाबांवर रागावलेली आहे, काका. म्हणते, पत्त्यांत घड्याळ घालवलं आणि माझ्या बापाची मान खाली घातली. बाबा खेळायचे का हो?"

"नाही. पत्त्याला हात लावत नव्हता."

"मग घड्याळ?"

समोर दत्तूची पोर उभी होती, नाक थेट त्याचं. मी म्हणालो, "मला काही ठाऊक नाही."

तेच चार शब्द. वीस वर्षांचा होतो तेव्हा भ्यालो म्हणता येईल. चौऱ्याहत्तराव्या वर्षी काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींकडून मंगलचा पत्ता घेतला आणि मी मांजरीला गेलो. मुलगा म्हणाला, गाडीनं सोडतो. नको म्हणालो. स्वारगेटला बस बदलली, हडपसरला पुन्हा बदलली. गया घरापुढच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. केस पांढरे झालेत, पण बसणं तेच, एक गुडघा वर. तिनं मला ओळखलं.

उभ्या उभ्याच म्हणालो, "वहिनी, घड्याळ माझ्याकडं होतं. मी मागून घेतलं होतं. ते माझ्या हातात असताना तो गेला, आणि पत्रात मी ठाऊक नाही म्हणून लिहिलं. काल मंगललाही तेच सांगितलं."

"आता कुठं हाय?"

"हरवलं. पोराच्या हातून."

ती मेथी निवडत राहिली. देठ परातीत पडत होते न् पानं केरात, तिच्या ध्यानात नव्हतं. दारात मंगल येऊन उभी राहिली.

"घड्याळाचं मला काय करायचंय," गया म्हणाली. "दर दसऱ्याला हार घालताना मी त्यांना टाकून बोलत आले, भावजी. फोटोतला माणूस उलट बोलत नाही, म्हणून मी बोलत आले."

मी हात जोडले.

"माझ्यापुढं नको. बापानं पारावर सांगितलं होतं, तिथं सांगा. ऐकणाऱ्यातली दोघं अजून हायत गावात."

"दिवाळी झाली की जातो."

"दोघंच हायत म्हटलं. तुमच्या दिवाळीला थांबतील व्हय?"

चहा कुणी विचारला नाही. बरोबरच होतं ते.

आजवर घर कुठलं म्हटलं की मी फ्लॅटचा नंबर सांगत होतो. बसमध्ये विचार करत आलो. फ्लॅटमध्ये मला कुणी खोटा म्हणणार नाही, कारण तिथं मी कुणाला काही सांगितलेलंच नाही. जिथं सांगायचं राहिलंय तेच माझं घर, आवडो न आवडो.

स्वारगेटला वारज्याची बस लागलेली होती, बसायला जागाही होती. मी एसटी स्टँडात गेलो आणि गावच्या गाडीत चढलो. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं, त्याला गावाचं नाव सांगितलं. मग मुलाला फोन केला, जेवायला माझ्यासाठी थांबू नका म्हणालो.