वाट पाहणारे रुग्ण : शून्य

आमच्या सरकारी हॉस्पिटलात मोठ्या साहेबांचं नाव विचारलंत, तर निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. खाटताईला मात्र गेटवरच्या रखवालदारापासून सर्जनपर्यंत सगळे ओळखतात. कुठल्या वॉर्डात कुठली खाट रिकामी झाली आणि ती कोणाला द्यायची, हे ठरवणारी सिस्टर ती. जिन्याखालच्या खोलीत बसते. खोली कसली, आडवं झोपलं तर पाय दाराबाहेर येतील. भिंतीवर एक लाकडी फळा, फळ्यावर वॉर्डवार खिळे आणि खिळ्यांना पत्र्याचे बिल्ले. एक बिल्ला म्हणजे एक पेशंट. कॉम्प्युटर आला, बिघडला, परत आला. फळा कोणी हलवला नाही.

मी समोरच्या खोलीतला एक्स-रेवाला. पेशंट एक्स-रेला फोटो म्हणतात, म्हणून ती मला फोटोवाले म्हणते. वीस वर्षं तिच्याशी कोण कोण भांडायला आलं, ते मी माझ्या खोलीत बसल्या बसल्या ऐकत आलोय. पुढाऱ्यांची माणसं आली, डॉक्टरांचे मेहुणे आले, एकदा तर मोठ्या साहेबांच्या सासूबाई आल्या. सगळ्यांना एकच उत्तर: "आधी आलेला आधी." सासूबाईंनाही तिनं रांगेत बसवलं आणि नंबर आल्यावर वरच्या बोळातली ट्रॉली दिली. साहेब पुढं महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. हिला कामाच्या गडबडीत ते कळलंसुद्धा नाही.

सोळा नंबरचा वॉर्ड कसा जन्माला आला ते आधी सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी थंडीत ताप आणि दम्याच्या पेशंटांची अशी झुंबड उडाली, की कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. नेमका त्याच वर्षी सरकारचा हुकूम आला. कॅज्युअल्टीत आलेल्या पेशंटला सहा तासांच्या आत खाट मिळालीच पाहिजे. ज्या हॉस्पिटलात सहा तासांवर कोणी थांबलेलं दिसणार नाही, त्याला जादा पैसे. त्याचं नाव 'ताण निधी'. जिथं एक जरी पेशंट जास्त थांबला, तिथला तो महिना बाद. म्हणजे ज्याच्यावर ताण दिसतो त्याला निधी नाही आणि ज्याच्यावर दिसत नाही त्याला निधी! हे ज्यानं ठरवलं, त्याच्या डोक्याचा एक्स-रे काढायची माझी फार इच्छा आहे. फुकटात काढीन.

त्या थंडीत खाटताईनं एक युक्ती केली. वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरपासून ड्रेसिंगच्या खोलीपर्यंत लांबलचक बोळ आहे. तिनं पेंटरला बोलावून बोळाच्या भिंतीवर एक ते बावीस आकडे काढून घेतले, प्रत्येक आकड्याखाली एक ट्रॉली लावली आणि फळ्यावर नवे बावीस खिळे ठोकले. झाला सोळा नंबरचा वॉर्ड. पेशंटचा बिल्ला सोळा नंबरच्या खिळ्याला लागला, की त्याला खाट मिळाली, घड्याळ थांबलं. तिनं ते तीन आठवड्यांसाठी केलं होतं. माणसं जमिनीवरून उचलली गेली हे खरं. निधी मिळाला, त्या पैशातून चार कंत्राटी नर्स आल्या, बोळात ऑक्सिजनची लाइन आली. खाटताईचा सत्कार झाला. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

थंडी सरली, पण बोळ काही मोकळा झाला नाही. ना पडदा, ना संडास, ना मॉनिटर. म्हाताऱ्या बायकांना चार माणसांदेखत बेडपॅन द्यायचं. खाटताई दरवर्षी खऱ्या वॉर्डसाठी प्रस्ताव लिहायची आणि दरवर्षी तो परत यायचा. शेरा ठरलेला: 'संस्थेत खाटा पुरेशा आहेत. वाट पाहणारे रुग्ण: शून्य.' ते शून्य तिचंच. बोळ बंद करायचा म्हटलं, तर बावीस माणसं एका दिवसात सहा तासांच्या वर जाणार. मग निधी बंद, चार नर्सना नारळ आणि ऑक्सिजनचं बिल कोण भरणार, तर कोणी नाही. "मीच बांधलं आणि मीच आत अडकले," असं ती एकदा म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. ती हसत नव्हती.

हे असं चाललेलं असताना एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता कॅज्युअल्टीत तिची आक्का आली.

आक्का म्हणजे थोरली बहीण. ह्यांची आई लवकर गेली, तेव्हा आक्कानं शाळा सोडून शिवणयंत्रासमोर बसकण मारली ती कायमची. दुसऱ्यांचे झगे शिवून शिवून धाकटीला नर्सिंगला घातलं. स्वतः लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "मापं घेण्यात वेळ गेला." त्या सकाळी तिच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. बसून श्वास घेत होती, ओठ काळपट. डॉक्टरांनी साडेनऊला पाणी काढायचं इंजेक्शन दिलं, तीन नंबरच्या खाटेवर मॉनिटर लावला आणि सांगितलं, "सहा तासांनी परत द्यायचं. आणि त्यांना मॉनिटरवरून हलवू नका."

वॉर्ड तुडुंब होते. खाटताईनं पाचही मजले फोनवर पालथे घातले. मेडिसिनच्या सिस्टरची तर ती चक्क विनवणी करत होती, आणि वीस वर्षांत तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "कुणी घरी जाणारं आहे का गं? बघ ना जरा. नाही? बरं." दुपारी दोनला मी चहा घेऊन गेलो, तर ती फळ्यासमोर उभी.

"तीनला सहा तास होतात," ती म्हणाली.

"मग होऊ द्या. एक महिना बाद झाला तर काय आभाळ कोसळतंय?"

"चार पोरींचा पगार आहे तो, फोटोवाले. त्यातल्या एकीच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. आणि लोक काय म्हणतील? साहेबांच्या सासूला बोळात टाकणारी बाई स्वतःच्या बहिणीसाठी महिना घालवून बसली."

"मग वर पाठवा."

"वर मॉनिटर कुठंय?"

चहा ठेवून मी निघून आलो. तिथं थांबायला हवं होतं, हे मला अजून खातं.

तिनं काय केलं, ते नंतर कळलं. तीनला पाच मिनिटं कमी असताना तिनं आक्काचा बिल्ला कॅज्युअल्टीच्या खिळ्यावरून काढून सोळा नंबरच्या नवव्या खिळ्याला लावला. आक्काला मात्र तिथंच मॉनिटरवर राहू दिलं. कॅज्युअल्टीच्या सिस्टरला फोन केला, "तीन नंबर राहू दे, मी बघते." तेवढ्यात तिकडे अपघाताचे पाच जण आले आणि त्या सिस्टरनं निम्मंच ऐकून फोन ठेवला. वीस वर्षांत खाटताईनं बिल्ला एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असं कधी केलं नव्हतं. त्यामुळे एक साधी गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. आमच्याकडे बिल्ला हलला, की कामवाली मावशी येऊन पेशंटची फाइल उचलते आणि नव्या वॉर्डात पोचवते. औषधांचा तक्ता फाइलमध्येच असतो.

मावशीनं आपलं काम चोख केलं. फाइल बोळात गेली. कॅज्युअल्टीच्या सिस्टरनं तीन नंबरवर फाइल नाही असं पाहिलं आणि पेशंट आता वरच्यांचा, न्यायला येतीलच, असं समजून ती अपघातवाल्यांकडे धावली. वर बोळातल्या कंत्राटी पोरीला फाइल मिळाली, पेशंट नाही. तिला वाटलं, फोटोला गेल्या असतील. ते रोजचंच. साडेतीनचं इंजेक्शन कोणी दिलं नाही. मॉनिटर ओरडत होता म्हणतात. त्या खोलीत रोज आठ मॉनिटर ओरडत असतात.

सव्वापाचला मला वरून चिठ्ठी आली, डॉक्टरांनी सकाळीच फाइलमध्ये लावलेली, कारकुनानं फक्त वॉर्ड-खाट भरून पाठवलेली: वॉर्ड सोळा, खाट नऊ, छातीचा एक्स-रे, पेशंट हलवता येत नाही. मी चाकांचं मशीन ढकलत लिफ्टनं वर गेलो. नऊ नंबरची ट्रॉली रिकामी. त्यावर कुणाच्या तरी नातेवाइकाची पिशवी ठेवलेली.

"पेशंट कुठंय?" मी त्या पोरीला विचारलं.

"तुमच्याकडे नाहीत?"

मी मशीन तिथंच सोडलं आणि जिने उतरून खाटताईच्या दारात गेलो. "ताई, तुमचा नऊ नंबर कुठंय?"

तिनं फळ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. मग ती पळाली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, अख्खी इमारत पार करून कॅज्युअल्टीत गेली आणि मी तिच्या मागं. आक्का उशीला टेकून तोंड उघडं टाकून श्वास ओढत होती, नखं निळी पडली होती. धाकटीला बघून तिनं हात थोडा उचलला. "तू कामात होतीस," एवढंच म्हणाली. दोन तास ती हाक न मारता पडून होती, कारण धाकटी कामात असणार आणि कामात असलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हा तिचा जन्माचा नियम.

इंजेक्शन दिलं, मास्क लावला, डॉक्टर धावले. आक्का वाचली. पण हृदयाला जो फटका बसायचा तो बसला. आता चार पावलं चालली तरी धाप लागते. शिवणयंत्राचं पायडल मारता येत नाही.

चौकशी झाली. मोठे साहेब, मेट्रन आणि खात्यातून आलेले एक अधिकारी. बाहेर बाकावर ती कंत्राटी पोर ओढणीचं टोक पिळत बसली होती, कारण कागदावर पेशंट तिच्या वॉर्डात होता आणि इंजेक्शन तिनं दिलं नव्हतं. मला साक्षीला बोलावलं होतं, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

खाटताईनं सगळं सांगून टाकलं. "त्या मुलीचा काही दोष नाही. पेशंट तिच्याकडे गेलाच नाही. बिल्ला मी हलवला. माझी बहीण आठ तास कॅज्युअल्टीत होती. लिहा, एक पेशंट थांबला. आणि हेही लिहा, की सोळा नंबर हा वॉर्ड नाही, तो बोळ आहे. नऊ वर्षं मी तुम्हाला खोटं शून्य पाठवतेय."

मला वाटलं, आता स्फोट होणार. अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यानं चष्मा काढून पुसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, नियमात असं आहे, की बिल्ला हलला ती वेळ धरायची. पेशंट हलला ती नाही. तुमचा बिल्ला पाच तास पंचावन्न मिनिटांनी हलला. म्हणजे शून्य बरोबरच आहे."

"आणि बोळ?"

"बोळ वॉर्ड नाही असं मी लिहिलं, तर निधी पुढच्या महिन्यापासून थांबेल. नवा वॉर्ड मागायचा, तर सलग तीन वर्षं रुग्ण थांबलेले दिसावे लागतात."

"तीन वर्षं कोणाला थांबवू, साहेब? नावं सांगा."

मेट्रननं खिडकी उघडली आणि परत लावली. शेवटी खाटताईला लेखी ताकीद मिळाली, पोर सुटली. खाटताईनं बदली मागितली, साधी वॉर्डाची ड्यूटी. ती नामंजूर, कारण फळा दुसऱ्या कोणाला जमत नाही. त्याच महिन्यात सलग शंभर महिने शून्य राखल्याबद्दल हॉस्पिटलला प्रशस्तिपत्र आलं. मी ते वाचलं आणि मला शिव्या देण्यापलीकडे काही सुचलं नाही. दिल्याही.

आक्का घरी गेली आणि तिनं वेगळंच सुरू केलं. जो भेटायला येईल त्याला सांगायची, "सरकारी हॉस्पिटल म्हणून नावं ठेवू नका. माझ्या धाकटीनं मला सहा तासांच्या आत खाट दिली, मॉनिटरसकट." शेजारणी खाटताईकडे कौतुकानं बघायच्या आणि ही चहाचं निमित्त करून आत निघून जायची. तीन आठवडे तिनं ते ऐकून घेतलं. मग एका दुपारी आक्काला औषध देताना तिच्यानं राहवलं नाही. बिल्ला, फाइल, इंजेक्शन, सगळं सांगितलं.

हे मला तिनं दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत स्टुलावर बसून सांगितलं. आक्का रागावली नाही म्हणे. रडलीसुद्धा नाही. पाण्याचा पेला हातात धरून बराच वेळ काहीतरी जुळवत बसली, कापड कमी पडलं की बसायची तशी.

मग विचारलं, "म्हणजे साहेबांच्या सासूसारखं मलाही तू त्या बोळात टाकलं असतंस, तर?"

"तर मॉनिटर नसता, आक्का."

"ते राहू दे. इंजेक्शन?"

"फाइल तिथंच होती. ती मुलगी वेळेवर द्यायची. साडेतीनला मिळालं असतं."

"मग टाकायचं होतंस की गं," आक्का म्हणाली, "सगळ्यांसारखं."