नसलेल्या डॉक्टरांची गाडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सुरेखालाही नाही — आणि माझ्या बायकोपासून काही लपवून ठेवणं किती अवघड आहे, हे तिला ओळखणारे जाणतात. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. नांदेडला माझ्या दुकानात कधी फरशी घ्यायला आला असाल तर मात्र ओळखता, आणि मी सहजासहजी भाव सोडत नाही, हेही मग तुम्हाला ठाऊक असेल.

फरशी, टाइल्स, नळ, बेसिन हा माझा धंदा. दिवसभर घासाघीस. माल घेताना मी रडतो, विकताना गिऱ्हाईक रडतं. त्यामुळे सासरवाडीत एक समज पक्का झाला, की सौदा करावा तर दाजींनीच. फ्रिज घ्यायचा असो, ट्रॅक्टरची ट्रॉली असो, नाहीतर लग्नातला आचारी ठरवायचा असो — फोन मला यायचा. मी दुकान बंद करून जायचो. आणि जायला मला आवडायचं. फार आवडायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच आलं.

सासरवाडी रेणापूरच्या पुढे. माझा मेव्हणा गोविंद — सुरेखाचा धाकटा भाऊ — गावात राहत नाही, शेतातच आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहतो. तिथेच पक्कं घर, शेजारी गोठा, विहीर आणि सासूबाईंनी लावलेली सीताफळं. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत पाणंद आहे, निव्वळ काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिच्यावरून सायकल जाते. पावसाळ्यात बैलही नाराजीनं जातो. तिचं काम मंजूर झालंय असं आम्ही दर वर्षी ऐकतो, आणि दर वर्षी खूश होतो.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्यांच्या किडन्या कामातून गेल्या. आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिस — आणि ते चुकवून चालत नाही. त्या वर्षी ऊस बरा गेला होता, हातात चार पैसे होते, म्हणून गोविंदनं गाडी घ्यायचं ठरवलं. साधी नाही, चारही चाकांना जोर असणारी, फोर बाय फोर. त्याला आवडलेल्या कंपनीत ती सोय फक्त टॉप मॉडेललाच मिळायची, म्हणून टॉप मॉडेल. त्याचा हिशेब सरळ होता. पावसाळ्यात आईला घरून नेता आलं पाहिजे आणि संध्याकाळी घरी परत आणता आलं पाहिजे. यात हौस कुठे आली? पण मला हौसच दिसली. का दिसली — सांगतो. जरा दम धरा, ते एकदम सांगवत नाही.

लातूरच्या शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो — गोविंद, त्याची बायको ज्योती आणि मी. मामी तेव्हा दवाखान्यात मशीनला लावलेल्या होत्या. परतताना त्यांना घेऊनच जायचं होतं. सेल्समननं खुर्ची आधी माझ्याकडे सरकवली. कोण मानाचं आहे हे या लोकांना बरोबर कळतं. आमच्याकडे जावई म्हणजे जावई. घरी गेल्यावर त्याच्याशी काय वाद घालायचा तो घाला, पण परक्यांसमोर त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. गोविंदनं सुरुवातच तशी केली.

"दाजी, तुमी म्हणाल ते फायनल. आपल्याला त्यातलं काय कळतंय."

त्याला सगळं कळत होतं. महिनाभर मोबाइलवर त्यानं त्या गाडीचे व्हिडिओ पाहिले होते, लो गिअर कधी टाकायचा हे त्याला तोंडपाठ होतं. तो हे मानापोटी म्हणाला. आणि मी? मी तो मान दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्यावरच चालवला.

मी म्हणालो, फोर बाय फोरच्या नादी लागू नकोस. आमच्या दुकानासमोर एक डॉक्टर आहेत, हाडांचे. त्यांनी हीच गाडी घेतली. वर्षाच्या आत गिअरबॉक्स बसला. पार्ट हैदराबादहून मागवावे लागतात. डिझेल तर पाण्यासारखं पिते. त्यापेक्षा मधलं मॉडेल घे, साधं टू व्हील ड्राइव्ह. तुला ते भरपूर झालं.

माझ्या दुकानासमोर डॉक्टर नाहीत. समोर सायकलचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर बायका पापड लाटतात. डॉक्टर मी तिथे, त्या खुर्चीत बसल्या बसल्या तयार केले. हाडांचे का केले, हे मला अजून कळलेलं नाही.

"पर पावसाळ्यात आईला आणायचं म्हणल्यावर—" ज्योती एवढंच बोलली.

गोविंद तिच्याकडे न बघताच म्हणाला, "दाजी बोलून राहिले ना."

तिचं अर्धं राहिलेलं वाक्य मला पूर्ण समजलं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

मग मी मधल्या मॉडेलच्या किमतीवर असा तुटून पडलो म्हणता! खुर्चीवरून उठलो, दारापर्यंत गेलो, त्यांनी परत बोलावून घेतलं. पुन्हा उठलो. मॅनेजर बाहेर आला. आधी चहा आला, मग थंड आलं. इन्शुरन्समध्ये सूट, सीट कव्हर फुकट, मॅट फुकट, मागचा कॅमेरा फुकट. आयुष्यातला सर्वांत सुंदर सौदा मी त्या दिवशी केला — चुकीच्या गाडीचा. संध्याकाळी आखाड्यावर ज्योतीनं शिरा केला. दाजींनी शोरूमवाल्याला कसा घाम फोडला, हे गोविंद सगळ्यांना रंगवून सांगत होता. मामी थकून बाजेवर पडल्या होत्या. पडल्या पडल्याच म्हणाल्या, "जावईबापू, लई पैसे वाचवले तुमी लेकराचे." मी शिरा खाल्ला. परत मागूनही घेतला.

आता ते 'का'. किती वेळ मी तुम्हाला नुसता फिरवतोय, नाही?

त्याच्या आदल्या वर्षी मी गाडी घेतली होती. त्याच कंपनीची, तीच, पण मधल्याच्याही खालचं मॉडेल. दिवाळीला ती घेऊन मी आखाड्यावर गेलो, तेव्हा सगळं घर बाहेर आलं. मामींनी बॉनेटला हळदीकुंकू लावलं. गोविंदनं कडुलिंबाखालची बैलगाडी ओढून बाजूला केली आणि ती सावली माझ्या गाडीला दिली. कुणी काही म्हणालं नाही, पण मला वाटलं — आपण आता नुसते जावई नाही, त्याच्या वर काहीतरी झालो. आणि वर्षभरात गोविंद टॉप मॉडेल आणणार? उघडणाऱ्या छताचं, मोठ्या चाकांचं? म्हणजे पुढच्या दिवाळीला ते लिंबाखाली उभं राहणार आणि माझी गाडी त्याच्या शेजारी उन्हात?

एवढंच. एवढ्यासाठी. पोटात दुखलं माझ्या. याहून जरा बरं दिसणारं कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही.

पुढचं तुम्हाला दिसतच असेल. पाऊस धरला आणि मधलं मॉडेल पाणंदीत बसलं. आत मामी. डायलिसिसचा दिवस. काळी माती ओली झाली की चाकाला गुंडाळून बसते, चाक फिरतं आणि गाडी तिथेच. ट्रॅक्टरनं ओढून काढेस्तोवर दुपार झाली, दवाखान्यातला नंबर गेला, आणि रात्री त्यांना श्वास लागला. वाचल्या. पण डॉक्टरांनी — खऱ्या डॉक्टरांनी — गोविंदला बजावलं, हे पुन्हा चालणार नाही. तेव्हापासून पावसाळा आला की मामी लातूरला, दवाखान्यामागच्या भाड्याच्या खोलीत. दसऱ्यापर्यंत. असे दोन पावसाळे.

जन्मभर शेतात राहिलेली बाई ती. खोलीत ना गोठा, ना झाडं. मी भेटायला गेलो की आधी मुगाचं विचारायच्या, मग कोणती गाय व्याली ते. मला काय ठाऊक? मी आपला काहीतरी सांगायचो. रंगाच्या रिकाम्या डब्यात त्यांनी दोडक्याचा वेल लावला होता, तो खिडकीच्या गजावर चढवला होता. एकदा म्हणाल्या, "हितं पाऊस नुसता ऐकू येतो, दिसत न्हाई." मी बाहेर आलो आणि गाडी काढून नांदेडला निघालो. तेव्हा सांगून टाकायला काय हरकत होती? तोंड उघडलं नाही.

आणि ते डॉक्टर! त्यांना मला पोसावं लागलं. गोविंद भोळेपणानं विचारायचा — दाजी, डॉक्टरसाहेबांची गाडी नीट झाली का? मी म्हणायचो, पुन्हा बंद पडली. पुढे मी त्यांना ती गाडी विकायला लावली, मग त्यांची बदली... खाजगी डॉक्टरांची बदली होत नाही, हे बोलून गेल्यावर सुचलं. गोविंदनं विचारलं नाही. माझ्या शब्दावर शंका घ्यायची त्याला सवयच नव्हती.

कधी कधी मी मनाशी म्हणतो, फोर बाय फोर म्हणजे काही विमान नाही, तीही बसली असती. पण त्याच पाणंदीवरून पलीकडच्या आखाड्यावरच्या पाटलांची फोर बाय फोर दोन्ही पावसाळे जात-येत होती. मी ती जाताना स्वतः पाहिली आहे.

या उन्हाळ्यात ज्योतीचा फोन आला. गोविंदचा नाही, ज्योतीचा. "दाजी, ही गाडी बदलायची हाय. आवंदा मीच बघणार हाय. तुमी फकस्त पैशाचं बोला." मला झोंबलं, आणि त्याच क्षणी जीव भांड्यात पडला. तिला काय कळलंय, काय नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

ती शोरूममध्ये गेलीच नाही. तिनं शोरूमवाल्याला टेस्ट ड्राइव्हची गाडी घेऊन आखाड्यावर बोलावलं. ऐन उन्हाळा, पाणंद दगडासारखी. मग हिनं काय करावं? आदल्या दिवशी विहिरीची मोटर चालू करून पाइप पाणंदीत सोडून दिला. शेजारचे बांधावर येऊन विचारायला लागले, वहिनी रस्त्याला पाणी देऊन राहिल्या, काय पेरायचं हाय? दुसऱ्या दिवशी पांढऱ्या बुटातला सेल्समन तो चिखल बघून म्हणाला, मॅडम, कंपनी परवानगी देत नाही. ज्योती म्हणाली, मग कंपनीला सांगा, गाडी घेत न्हाई. परवानगी मिळाली.

ती स्वतः बसली चालवायला, ट्रॅक्टर चालवणारी बाई. पुढच्या सीटवर मामी. मी आणि गोविंद बांधावर. गाडी चिखलात शिरली, खाली गेली, गुरगुरली, आणि हळूहळू, काही विशेष नसल्यासारखी, पलीकडे निघाली. ज्योतीनं ती वळवली आणि परत आणली. मामी खाली उतरल्या, चाकाला लागलेली माती बोटानं खरवडून पाहिली आणि म्हणाल्या, "आता मला खोलीवर धाडू नका."

मला आनंद झाला. इतका, की डोळे पुसायला मागे वळावं लागलं. तो आनंद खरा होता, पण त्यावर माझा हक्क काय?

पैशाचं मी बोललो. जीव तोडून बोललो, दारापर्यंत जायचं नाटक न करता. त्याचं मला काही भूषण नाही. गाडी मिळाली त्या दिवशी गोविंदनं नारळ माझ्या हातात दिला — जावयाच्या हातून फुटला पाहिजे म्हणाला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नारळ फोडला.

आता श्रावण चालू आहे. मामी आखाड्यावर आहेत. आठवड्यातून दोनदा लातूरला जातात आणि संध्याकाळी आपल्या बाजेवर येऊन पडतात. फोनवर आता मुगाच्या शेंगांचं मला त्याच सांगतात, मी ऐकतो. आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागतो. आजार आहे तो आहेच, पण त्या घरी आहेत.

उद्या मी जाणार आहे. माझी गाडी डांबरी रस्त्यालाच ठेवावी लागते. लातूरहून परतताना गोविंद मला तिथून घेणार आहे. गाडीत मामीही असतील, ज्योतीही असेल. मागच्या सीटवरून मी सांगणार आहे. वाक्य तयार आहे — फरशा मोजताना, गिऱ्हाइकाशी बोलताना ते मी मनात कितीदा म्हणून पाहिलंय. आधी त्याच्या शेवटी दर वेळी एक 'पण' यायचा. तो आता काढून टाकलाय. "गोविंद, डॉक्टर कुणीच नव्हते. तुझी गाडी माझ्यापेक्षा मोठी होऊ नये म्हणून मी खोटं बोललो, आणि मामींना दोन पावसाळे घर सोडून राहावं लागलं."

त्यानं गाडी थांबवून उतरा म्हटलं, तर उतरेन. काहीच बोलला नाही, तर तसाच बसून राहीन. मामी घरी पोचतील. त्यासाठी आता माझ्या शब्दाची गरज उरलेली नाही.